रोशनचं गाणं कोण ऐकतं

आमचा धंदा आवाजाचा. हिंगणघाटात कुणाचं लग्न असो, गणपती असो की पुढाऱ्याची सभा, ‘कैलास साऊंड’ लिहिलेले बॉक्स दिसले की समजायचं, कैलास इथंच कुठंतरी कोणावर तरी खेकसत उभा असेल. तो कैलास मी. स्वभाव तापट आहे हे बायको रोज सांगते, तुम्ही सांगायची गरज नाही. कान मात्र पक्के. ढोल, डीजे, फटाके, सगळं पचवलेलं. तरी समोरच्या घरातून तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी हातातला चहा तसाच टाकून अनवाणी पळालो.

दुपारची वेळ होती. आधी जमीन घरघरल्यासारखं काहीतरी, आणि त्याच्यावर गळ्याच्या पार तळातून निघालेला हंबरडा. मला वाटलं, लीलाबाईला झटका आला. घरात शिरलो तर लीलाबाई खाली बसून गहू निवडते आहे. पाठ एका काळ्या बॉक्सला टेकलेली, चेहरा एकदम शांत. तिचा मुलगा रोशन कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा, गळ्यात गिटार, तोंडासमोर माईक, मानेच्या शिरा फुगलेल्या.

“अबे, काय झालं तुले?” मी त्याचा खांदा धरला. “दवाखान्यात नेऊ का?”

“गाणं आहे काकाजी,” तो म्हणाला, आणि इतका ओशाळला की मलाच कसंतरी झालं.

गाणं म्हणे. त्या गाण्याला डूम मेटल म्हणतात, हे रोशननंच मला नंतर समजावून सांगितलं. गिटारच्या तारा सैल करून करून आवाज पार खाली न्यायचा. मग एक ठोका मारायचा आणि थांबायचं. तो विरेपर्यंत थांबायचं. मग दुसरा. एकेक गाणं इतकं लांब की तेवढ्यात आमची पोरं अर्धा मंडप बांधून मोकळी होतात. मी त्याला विचारायचो, “रोशन, पुढचा ठोका येईस्तोवर चहा पिऊन येऊ का?” तो हसायचा. चिडणं त्याला माहीतच नाही. सगळं त्या माईकमध्ये जात असेल.

गिटार तोच वाजवतो, ढोल कॉम्प्युटरवर तोच बसवतो, गळाही त्याचाच. बँड म्हणजे हा एकटा. बँडचं नाव ‘रेचा’. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी करायचं जे यंत्र असतं, त्याला आमच्याकडे रेचा म्हणतात. ते नाव त्यानं असं काढलं की अक्षरं म्हणजे बाभळीच्या फांद्यांचा भारा. मी डावीकडून वाचलं, उजवीकडून वाचलं, मोबाइल उलटा करून वाचलं, काही पत्ता लागला नाही. “वाचता येऊ नये असंच ठेवतात काकाजी,” तो म्हणाला. मी कपाळाला हात लावला. आम्ही बोर्ड रंगवतो तो लोकांनी दुरून वाचावा म्हणून.

पोटापाण्याला रोशन एका जिनिंग फॅक्टरीच्या धर्मकाट्यावर बसतो. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन पाहायचं, चिठ्ठी द्यायची, पुढची गाडी घ्यायची. हंगामात पार हायवेपर्यंत गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत सगळे त्याला ओळखतात आणि वजनाशिवाय कोणी त्याच्याशी बोलत नाही. हंगाम संपला की फॅक्टरीची धडधड बंद, मग काट्यावर तो आणि एक कुत्रं. वय तिशीच्या पुढं गेलं. लग्न जुळता जुळता राहिलं. आर्वीकडची माणसं पाहायला आली होती, त्यांना यानं सरळ सांगून टाकलं की मी मोकळ्या वेळात हे करतो, आणि मोबाइलवर ऐकवलंसुद्धा. माणसं चहा अर्धा ठेवून उठली.

“ऐकवलं काऊन बे?” मी त्याच्यावर भडकलो. “लगन झाल्यावर ऐकवलं असतं ना.”

“मंग थे फसवणं झालं असतं,” तो म्हणाला.

मी पाय आपटत घरी आलो.

मित्र म्हणावा असा त्याला कोणी नाही. शाळेतले पोट्टे पुण्याला गेले, काही आपापल्या शेतीत आणि बालबच्च्यांत. इंटरनेटवर गाणी ऐकून त्याला ओळखणारे सगळे परदेशात. फिनलंडला कोणी, चिलीला कोणी. तेही रोशनला ओळखत नाहीत, ‘रेचा’ला ओळखतात. त्यांचे मेसेज तो मला वाचून दाखवायचा. फिनलंडच्या एकानं लिहिलं होतं, तुझ्यासारखा थांबणारा कोणी पाहिला नाही, दोन ठोक्यांच्या मधली तुझी शांतता ऐकून अंगावर काटा येतो. रोशनला आनंद व्हायचा, नाही असं नाही. पण वाचून झालं की मोबाइल खिशात जायचा आणि समोर पुन्हा आमची गल्ली, नळावरची भांडी, उन्हात वाळत घातलेल्या गव्हाच्या सरगुंड्या.

एकदा नागपूरला कुठल्याशा कॅफेत त्याला वाजवायला बोलावलं. मीच माझ्या छोट्या टेम्पोत सामान घालून नेलं. पोट्टे बऱ्यापैकी जमले होते, काळे टीशर्ट घातलेले, मला वाटलं आज याचं काम झालं. पहिलं गाणं अर्ध्यावर येईस्तोवर एकेक करून सगळे बाहेर. काचेतून मला दिसत होते, समोरच्या गाडीवर तर्री-पोहे खाताना. रोशनला भिंतीकडे तोंड करून वाजवायची सवय, त्याला कळलंच नाही. गाणं संपवून वळला तेव्हा आत मी, एक वेटर आणि खुर्च्या. सामान त्यानंच गाडीत भरलं. येताना मी नुसती गाडी चालवत राहिलो.

मन लावून ऐकणारं असं त्याला जगात एकच माणूस होतं. त्याची आई. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, ती बहिरी.

लीलाबाईची सगळी उमर जिनिंगमध्ये गेली. रेच्यांच्या रांगेत कापूस टाकायचं काम. दिवसभर कानाशी तो धडधडाट, कानात रुईचे बोळे घालून काय होणार. ऐकणं हळूहळू गेलं. आधी चिमण्या गेल्या, मग फोनची घंटी, मग माणसांचं बोलणं. नवरा चंद्रभान आजारात शेवटी काहीतरी बोलला, ते तिला कळलंच नाही. त्याचे ओठ हलले एवढं तिनं पाहिलं. तिच्याशी बोलायचं तर हातवारे करा, नाहीतर कानाशी जाऊन बोंब मारा, आणि गल्लीला बोंब मारायचा कंटाळा आला. बायका संध्याकाळी ओट्यावर जमायच्या, ही पण जाऊन बसायची, सगळ्या हसल्या की हसायची. मुलगी काजल पुण्याला दिलेली. तिचा फोन आला की लीलाबाई फोन हातात धरून नुसती त्याच्याकडे पाहायची.

पण खालचा, जड आवाज तिला यायचा. ट्रकचा, आभाळाचा, आणि रोशनच्या गिटारचा. मला एकदा म्हणाली, “कैलासभाऊ, सारं जग मुकं झालं मायासाठी. ह्या पोट्ट्याचं तेवढं पोचते.”

त्यांच्या मधल्या खोलीत भिंतींना गाद्या लावलेल्या आहेत. पोत्यांमध्ये फॅक्टरीतली टाकाऊ रुई भरून लीलाबाईनंच त्या शिवल्या, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तरी जातो तो भाग वेगळा. मधोमध मी नंतर दिलेला माझ्याकडचा जुना बेसचा बॉक्स. फॅक्टरी बंद असली की दुपारची जेवणं उरकून मायलेक तिथं बसायचे. लीलाबाई बॉक्सला टेकून, एक तळहात त्याच्या लाकडावर. रोशन ठोका मारायचा आणि तिच्या हाताकडे पाहत थांबायचा. लाकडातली थरथर विरत विरत पार संपली की ती हात उचलायची. मग तो दुसरा ठोका मारायचा. किती थांबायचं हे त्यानं कधी मोजलं नाही, आईच्या हातावर सोडून दिलं. फिनलंडवाल्याच्या अंगावर काटा यायचा तो ह्या हातामुळे. हे त्याला कोण सांगणार.

आणि ती नुसती बसायची नाही. पटलं नाही की तोंडावर सांगायची. “इथं घाई केली तू.” “आज पोटात नाई पोचलं.” “थे मधलं काढून टाक, नुसतंच लांबून राह्यलं.” रोशन निमूट तेवढा तुकडा पुन्हा वाजवायचा. आईनं मान हलवल्याशिवाय त्याचं एक गाणं बाहेर गेलं नाही. मला ते गाणं सोसत नाही, डोकं धरतं. पण त्या दोघांकडे पाहिलं की मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. आमचं काम इतकं लक्ष देऊन कोणी ऐकत नाही. लोकांना नुसता मोठा आवाज पाहिजे.

गेली काही वर्षं रोशन एका मोठ्या कामाला लागला होता. सगळी गाणी मिळून एक अल्बम, आणि तो वडिलांवर, चंद्रभानवर. बापाचा दमा, त्याचं शेत, त्याचं खाटेवर पडून राहणं, आणि न ऐकलेलं ते शेवटचं बोलणं. शब्द सगळे आपल्या बोलीतले, पण त्या गळ्यातून निघाले की ब्रह्मदेवालाही कळायचे नाहीत. यंदा दसऱ्याच्या आधी ते काम पुरं झालं आणि त्याच्या डोक्यात एकच बसलं. आईनं हे नीट ऐकलं पाहिजे. हातानं नाही, कानानं. बाबासाठी काय म्हटलं आहे ते तिला शब्दानिशी कळलं पाहिजे.

“आईच्या कानाले मशीन लावाव म्हणतो,” तो मला म्हणाला.

“लावच,” मी म्हटलं. “इतके दिवस झोपला होता का?”

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात आम्ही तिला माझ्याच गाडीत नेलं. कान तपासणारी प्रेरणा नावाची मुलगी होती, वयानं लहान, पण बोलायला गोड आणि जराही घाई नसलेली. तिनं लीलाबाईला काचेच्या खोलीत बसवून तपासलं, आणि पुढच्या खेपेला मशीन कानात बसवून सुरू केलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, “आजी, येतंय का ऐकू?”

लीलाबाईनं मागं वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. मग स्वतःच्या हातातल्या बांगड्या हलवल्या. पुन्हा हलवल्या. आणि रडायला लागली. रोशनही रडला. मी खिडकीतून बाहेर पाहत उभा राहिलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

प्रेरणानं मग रोशनला समजावलं. हे मशीन माणसांचं बोलणं कळावं म्हणून बसवलेलं असतं. खालचे जड आवाज, घरघर, धडधड, ते दाबून टाकतं, नाहीतर बोलणं त्यात बुडून जातं.

रोशननं विचारलं, “पूर्ण दाबते का?”

“बरंचसं. हवं तर थोडं सोडता येईल. पण मग घरात चौघं बोलत असले की आजींचा गोंधळ होईल. कसं ठेवू?”

मी रोशनच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, चांगलंच कळलं होतं. लीलाबाई तिकडे बाहेरच्या व्हरांड्यातल्या कोण्या बाळाचं रडणं ऐकत तोंडाला पदर लावून बसली होती.

“बोलणं येऊ द्या,” तो म्हणाला. “राहू द्या तसंच.”

त्यानंतर लीलाबाईनं गल्ली डोक्यावर घेतली. ओट्यावर बायकांमध्ये बसायची आणि आता दुसरीला बोलू द्यायची नाही. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर. पोळ्या लाटताना लाटणं कसं वाजतं ते माझ्या बायकोला बोलावून ऐकवलं तिनं. नळाच्या पाण्यावरून तिच्याशी भांडलीसुद्धा, आणि बायको घरी येऊन म्हणाली, “लीलाबाईशी भांडून किती बरं वाटलं.” हे सगळं रोशन दारातून पाहायचा. सुखावलेला दिसायचा. अल्बम मात्र त्यानं लगेच ऐकवला नाही. आज नको, उद्या, असं करत राहिला. भीत होता, हे मला दिसत होतं.

शेवटी मीच लीलाबाईला म्हटलं, “पोट्ट्याचं गाणं ऐकाचं आहे तुमाले. घंटाभर थे मशीन काढून बसा, पहिल्यासारखं.”

ती हसली. “नाई बाप्पा. राती काढा लागते थेच जिवावर येते. काढलं का वाटते, सारे लोक पुन्हा दूर गेले.”

रोशन तिथंच उभा होता. त्यानं माझा हात दाबला, म्हणजे आता पुढं बोलू नका.

एका रविवारी दुपारी त्यानं खोली झाडून घेतली आणि आईला बोलावलं. मलाही. लीलाबाई सवयीनं बॉक्सला टेकायला गेली, तर कानातलं मशीन शिट्टी मारायला लागलं. म्हणून तिच्यासाठी खुर्ची आणली. ती खुर्चीवर बसली, डोक्यावर पदर, दोन्ही हात मांडीत. कोणाच्या घरी पाहुणी म्हणून जावं तशी.

रोशननं कॉम्प्युटरवर अल्बम सुरू केला. पहिला ठोका पडला तो माझ्या छातीत बसला. लीलाबाईच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिच्या कानात काय जात असेल, पत्र्यावर खडे घासल्यासारखं काहीतरी. तिनं मान तिरकी केली, लक्ष दिलं, बिचारीनं फार लक्ष दिलं. मग गळा सुरू झाला. चंद्रभानचं नाव त्यात कुठं येतं ते रोशननं मला आधी सांगून ठेवलं होतं. ते आलं आणि गेलं. तिला कळलं नाही, मलाही कळलं नाही. ती वर पाहत होती.

“थो पंखा काऊन टकटक करून राह्यला रे?” ती म्हणाली.

रोशननं उठून पंखा बंद केला आणि परत येऊन बसला. खोलीत उकडायला लागलं. आणखी काही ठोके पडले. मग लीलाबाई त्याच्याकडे पाहून हसली. “छान आहे बाप्पा. लय छान वाजवलं.”

इतक्या वर्षांत त्या बाईनं त्याला छान म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पोचलं म्हणायची, नाही पोचलं म्हणायची, घाई केली म्हणून झापायची. छान आपण केव्हा म्हणतो? शेजारच्या पोरीनं नाच करून दाखवला की म्हणतो. रोशनला ते बरोबर लागलं. तरी तो हसला आणि मान हलवली, आईचं मन राहावं म्हणून.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला. गाण्याखाली मला तो आलाही नाही, लीलाबाईला मात्र लगेच आला. “काजलचा आहे,” म्हणत ती उठून गेली. रोशननं हात लांब करून आवाज कमी केला, तिला नीट बोलता यावं म्हणून. मग आणखी कमी केला. मग पूर्ण बंद. गाणं कॉम्प्युटरवर पुढं चालूच होतं, पडद्यावर रेघ सरकताना दिसत होती.

मला राहवलं नाही. “वाढव बे,” मी म्हटलं. “मी आहे ना. मी ऐकतो.”

“राहू द्या काकाजी,” तो म्हणाला. रागानं नाही, अगदी साधं म्हणाला. “तुमाले आवडत नाई.”

गिऱ्हाइकाशी मी रोज खोटं बोलतो, काही वाटत नाही. त्या खोलीत मात्र बोलवलं नाही. मला खरंच आवडत नाही ते, आजही नाही.

बाहेर लीलाबाई मोठमोठ्यानं बोलत होती. काजलची लेक फोनवर शाळेतलं गाणं म्हणून दाखवत होती. “रोशन, ये ना बापा, लवकर ये,” लीलाबाईनं हाक मारली. “पोट्टी काय गोड म्हणून राह्यली, ऐक.”

तो उठला, बाहेर जाऊन आईच्या शेजारी खाली बसला. भाचीनं गाणं दोनदा म्हटलं, आणि त्यानं दोन्हीदा ते शेवटपर्यंत ऐकलं.